दाताच्या मुळापर्यंत पोहोचलेला संशोधक : विलोबी डेटन मिलर



परिसर अभ्यासात दातांची निगा हा भाग आला की मुलांना आपण सांगतो, गोड जास्त खाऊ नका, दात घासा, नाहीतर दात किडतील. मग एखादं चुणचुणीत मूल विचारतंच, बाई, ती कीड दिसते का हो? कुठून येते? आपल्या भाषेतच दात 'किडतो', दाढेला 'कीड' लागते. ज्वारीला, वांग्याला लागते तशीच ही कीड असणार असं मुलांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही. दाढेला बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे लोक आठवडी बाजारात बसत असत, हे घरातल्या जुन्या माणसांना आजही आठवतं. दातात अळी असते ही समजूत फक्त आपल्याकडची नाही, जगातल्या कितीतरी देशांत ती हजारो वर्षे होती.

मग दातात नक्की असतं तरी काय? या प्रश्नाचं उत्तर प्रयोग करून देणाऱ्या माणसाचं नाव आहे विलोबी डेटन मिलर. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं, पण शाळेच्या पुस्तकात ते येत नाही. आज आपल्या मुलांचे, आपले स्वतःचे रूट कॅनाल होतात. त्यात डॉक्टर दाताच्या मुळातली नळी इतक्या वेळा का धुतात, पुन्हा पुन्हा का बोलावतात, हे समजून घ्यायचं असेल तर मिलर यांचं आयुष्य वाचायला हवं.

बालपण व शिक्षण

मिलर यांचा जन्म 1 ऑगस्ट 1853 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात अलेक्झांड्रिया या छोट्या गावी झाला. (इजिप्तमधलं प्रसिद्ध शहर वेगळं, हे गाव वेगळं.) घर शेतकऱ्याचं होतं. मुलगा अभ्यासात हुशार निघाला. मिशिगन विद्यापीठातून 1875 साली त्यांनी पदवी घेतली. विषय गणित आणि पदार्थविज्ञान. दातांशी तोपर्यंत त्यांचा काहीच संबंध नव्हता.

पुढच्या शिक्षणासाठी ते आधी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे आणि नंतर जर्मनीतील बर्लिन येथे गेले. बर्लिनमध्ये त्यांच्यावर पैशांची अडचण आली. परका देश, परकी भाषा आणि खिशात पैसे नाहीत. अशा वेळी बर्लिनमध्ये दवाखाना चालवणारे एक अमेरिकन दंतवैद्य, फ्रँक अ‍ॅबट, त्यांच्या मदतीला आले. अ‍ॅबट यांच्या सहवासात मिलर यांना दातांच्या शास्त्राची गोडी लागली. ते अमेरिकेत परतले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यक शिकले आणि 1879 मध्ये पदवी घेऊन पुन्हा बर्लिनला आले. अ‍ॅबट यांची मुलगी कॅरोलिन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी बर्लिनमध्येच वैद्यकशास्त्राचीही पदवी मिळवली.

1884 साली बर्लिन विद्यापीठात दंतवैद्यकाची संस्था सुरू झाली आणि मिलर तिथे प्राध्यापक झाले. एका अमेरिकन माणसाला जर्मन विद्यापीठाने असं पद देणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

रॉबर्ट कॉख यांची प्रयोगशाळा

त्या वर्षांत बर्लिन म्हणजे जंतुशास्त्राची पंढरीच होती. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधून काढला होता. हेच कॉख 1884 मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास करत होते आणि पुढे 1897 मध्ये प्लेगची पाहणी करायला मुंबईलाही आले होते. जंतू वेगळा कसा करायचा, तो काचेच्या बशीत कसा वाढवायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली कसा पाहायचा, ही सगळी पद्धत कॉख यांनी घालून दिली.

मिलर यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि तोंडातल्या जंतूंवर वापरली. गणित-पदार्थविज्ञान शिकलेला माणूस होता, त्यामुळे नुसत्या तर्कावर विश्वास ठेवायचा नाही, करून पाहायचं, ही त्यांची सवय.

दात का किडतो? साधा प्रयोग

त्यांचा प्रयोग पाचवीच्या मुलालाही समजेल इतका सोपा आहे. काढलेले दात घेतले. ते लाळ आणि पाव किंवा साखर यांच्या मिश्रणात ठेवले. हे मिश्रण शरीराइतक्या उबेत, म्हणजे साधारण 37 अंश सेल्सिअसला ठेवलं. काही काळाने मिश्रण आंबट झालं आणि दाताचा कठीण भाग मऊ पडू लागला.

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली. पाव-साखरेच्या जागी मांस ठेवलं, तर दात तसा विरघळला नाही. लाळ आधी तापवून तिच्यातले जंतू मारले, तर आम्लच तयार झालं नाही. म्हणजे साखर किंवा पिष्ट हवं, आणि ते आंबवणारे जिवंत जंतूही हवेत. दोन्ही एकत्र आले की आम्ल होतं. आम्ल दातातले क्षार विरघळवतं आणि मऊ झालेल्या भागात जंतू आणखी आत शिरतात. अळी वगैरे काही नाही. दुधाचं दही ज्या प्रकारे होतं, जवळजवळ तोच प्रकार दाताच्या खाचेत चालतो.

1889 मध्ये त्यांनी तोंडातील सूक्ष्मजंतूंवर जर्मन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. 1890 मध्ये तो इंग्रजीत आला. दात किडण्याला कुणी एकच जंतू जबाबदार नाही, आम्ल करणारे अनेक जंतू त्यात भाग घेतात, असं त्यांचं मत होतं. जंतू दातावर चिकट थर करून राहतात आणि त्या थराखाली आम्ल साचतं, ही गोष्ट त्यांच्यानंतर इतरांनी अधिक स्पष्ट केली. पण पाया मिलर यांनीच घातला.

कीड मुळात पोहोचते तेव्हा

आता मुख्य विषयाकडे येऊ या. दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो भरीव नाही. वर एनॅमलचं कठीण आवरण, त्याखाली डेंटिन, आणि मधोमध एक पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो. आपण त्याला दाताची नस म्हणतो, पुस्तकात दंतमज्जा. ही पोकळी अरुंद नळी होऊन मुळाच्या टोकापर्यंत जाते. हीच मूळनलिका, म्हणजे रूट कॅनाल. पुढच्या दाताला बहुधा एक, तर दाढेला तीन-चार नळ्या असतात.

कीड या मऊ भागापर्यंत पोहोचली की आत सूज येते. शरीरात दुसरीकडे सूज आली तर तिला फुगायला जागा असते, दातात मात्र चारी बाजूंनी कठीण भिंत. म्हणून दाढदुखी इतकी असह्य होते. शेवटी आतला रक्तपुरवठा बंद पडतो आणि नस मरते.

मेलेल्या नसेत पुढे काय होतं, याचा मिलर यांनी बारकाईने अभ्यास केला आणि 1894 साली तो प्रसिद्ध केला. मूळनलिकेत त्यांना जंतूंची अक्षरशः वस्ती सापडली. गोल, लांबट, नागमोडी असे नाना आकार. नळीच्या वरच्या, मधल्या आणि टोकाजवळच्या भागात जंतूंचे प्रकार सारखे नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आलं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी नोंदवली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काही जंतू प्रयोगशाळेत कितीही प्रयत्न केले तरी वाढत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की मुळाच्या खोल भागातल्या अनेक जंतूंना हवेतला ऑक्सिजन मानवत नाही. त्या काळच्या साधनांनी त्यांना वाढवणं अवघडच होतं.

यातून उपचाराचा अर्थच बदलला. तोपर्यंत अनेक ठिकाणी भर होता तो नस मारून वेदना थांबवण्यावर. मिलर यांच्या कामामुळे स्पष्ट झालं की वेदना थांबली म्हणजे रोग संपला असं नाही. नळीत सडका भाग आणि जंतू राहिले तर गळू होणारच. कोणतं औषध तोंडातल्या जंतूंना किती वेळात मारतं, याच्या चाचण्याही त्यांनी केल्या.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं याचा एक भक्कम पुरावा पुष्कळ वर्षांनी मिळाला. 1965 मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दातांची नस मुद्दाम उघडी केली. साध्या उंदरांमध्ये ती सडली आणि मुळाशी गळू झाले. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र तशीच जखम भरून आली. फरक फक्त जंतूंचा होता.

आज डॉक्टर नेमकं काय करतात?

पालकांना हे माहीत असलं पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर लिहीत आहे.

1. दाताभोवती रबरी पडदा (रबर डॅम) लावतात. त्यामुळे लाळ आत जात नाही. लाळेत जंतू असतात, ती आत गेली तर धुण्याचा उपयोग काय? हा पडदा 1864 पासून दंतवैद्यकात आहे.

2. दातावरून छोटं भोक पाडून नळीपर्यंत पोहोचतात. बारीक सुईसारख्या फाईलने नळीची भिंत खरवडतात आणि सडका भाग काढतात.

3. नुसत्या फाईलने काम भागत नाही. नळी पाईपसारखी सरळ आणि गोल नसते. ती वाकडी, चपटी असते, तिला बारीक फांद्या फुटलेल्या असतात. शिवाय डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात, त्यांतही जंतू शिरतात. जिथे सुई पोहोचत नाही तिथे द्रव पोहोचतो. म्हणून मधून मधून सिरिंजने नळी धुतात. त्यासाठी बहुधा सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. ते जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. पहिल्या महायुद्धात याच द्रवाच्या सौम्य रूपाने सैनिकांच्या जखमा धुतल्या जात. कपड्यांच्या ब्लीचमध्येही हेच असतं, पण दातासाठी ते डॉक्टरांनीच, योग्य प्रमाणात आणि काळजीपूर्वक वापरायचं असतं. घरी कुणीही असा प्रयोग करू नये.

4. खरवडताना भिंतीवर भुशाचा पातळ थर बसतो. तो काढायला ईडीटीए नावाचं दुसरं द्रावण वापरतात.

5. गरज असेल तर दोन भेटींच्या मध्ये नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरून ठेवतात. उरलेल्या जंतूंना तो वाढू देत नाही.

6. नळी स्वच्छ व कोरडी झाली की ती गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने घट्ट भरतात, वर पक्कं सिमेंट आणि गरजेनुसार टोपी बसवतात.

आता इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पहिल्या भेटीनंतर ठणका थांबतो आणि आपल्याकडे बरेच जण पुढच्या भेटीला जातच नाहीत. शेतीची कामं असतात, मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, हे सगळं खरं आहे. पण तात्पुरतं बसवलेलं सिमेंट झिजतं, लाळ पुन्हा आत जाते आणि काही महिन्यांनी गाल सुजतो. मग तोच दात काढावा लागतो. दुसरी गोष्ट, मेडिकलमधून गोळ्या आणून वेळ मारून नेणं. गोळीतलं औषध रक्तातून जातं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर औषध तिथे पोहोचणार कसं? लवंगेचं तेल ठणका कमी करतं हे खरं, पण नळी साफ करत नाही.

मिलर यांच्या मताचा उलटा अर्थ

1891 मध्ये मिलर यांनी आणखी एक विचार मांडला होता. तोंडातले जंतू तिथेच राहतात असं नाही, ते शरीरात इतरत्र जाऊन आजार करू शकतात. यात तथ्य आहे. पण असे सगळे दात उपटून टाका, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. मूळनलिका स्वच्छ करा, भरा, तोंड स्वच्छ ठेवा, असा त्यांचा उपाय होता.

त्यांच्या मृत्यूनंतर मात्र वारं उलटं फिरलं. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात भाषण देऊन अनेक आजारांचं खापर तोंडातल्या घाणीवर फोडलं. पुढची काही दशके अमेरिका आणि इंग्लंडमध्ये संधिवात, थकवा, मानसिक आजार, काहीही असो, दात काढण्याची लाट आली. असंख्य लोकांचे वाचवता येण्यासारखे दात गेले आणि आजार मात्र होते तिथेच राहिले. हळूहळू अभ्यासातून हे चुकीचं असल्याचं दिसलं आणि दात वाचवण्याचं शास्त्र पुन्हा उभं राहिलं. आपल्या शब्दांचा झालेला हा अतिरेक पाहायला मिलर हयात नव्हते.

म्हणून आजही कुणी सांगितलं की रूट कॅनालमुळे शरीरात भलतेच रोग होतात, तर घाबरून जाऊ नका. आत घाण राहिलेला दात धोक्याचा असतो. नीट स्वच्छ करून भरलेल्या दातावर माणूस वर्षानुवर्षे जेवतो. मात्र मुलाच्या हृदयाला छिद्र असेल, झडपेचा आजार असेल, तर दातांच्या डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. अशा मुलांना तोंडातल्या जंतूंपासून खरोखर धोका असू शकतो.

अखेरचे दिवस

जर्मनीत वीस-पंचवीस वर्षे काम केल्यावर मिलर यांनी मायदेशी परतायचं ठरवलं. ज्या मिशिगन विद्यापीठातून ते शिकले, त्याच विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली होती. 1907 च्या उन्हाळ्यात ते ओहायोत आपल्या माणसांना भेटायला गेले. तिथे अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. शस्त्रक्रिया झाली, पण ते वाचले नाहीत. 27 जुलै 1907 रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं 53. त्या वेळी अँटिबायोटिक औषधे नव्हती. आयुष्यभर जंतूंचा अभ्यास करणारा हा माणूस नवीन पदावर रुजू होण्याआधीच गेला. त्यांच्या स्मरणार्थ पुढे दंतवैद्यकातला आंतरराष्ट्रीय मिलर पुरस्कार सुरू झाला.

आपण मुलांना काय शिकवू शकतो?

नुसतं चॉकलेट खाऊ नका म्हणून मुलं ऐकत नाहीत, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मिलर यांच्यासारखं करून दाखवलं तर मुलांना पटतं. अंड्याचं कवच लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांना बोटाने दाबून पाहू द्या. कवच आणि दात यांतले क्षार वेगळे आहेत हे सांगा, पण आम्ल कठीण वस्तूला मऊ करतं हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. नंतर दह्याची आठवण करून द्या. विरजण म्हणजे जंतू, दूध म्हणजे त्यांचं अन्न. तोंडात विरजण कायम असतंच, अन्न किती वेळ ठेवायचं ते आपल्या हातात. बिस्किट, चिक्की, केक दाढेत चिकटून राहतात, म्हणून खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची आणि रात्री घासल्याशिवाय झोपायचं नाही.

पालकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. साधारण सहाव्या वर्षी मुलांच्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती दुधाची दाढ समजून, पडणारच आहे म्हणून दुर्लक्ष होतं. पण ती कायमची असते, पुन्हा येत नाही. पहिलीत मूल आलं की एकदा तोंड उघडून ही दाढ बघा. आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात, खालच्या दातांची जागा राखतात. त्यांवरही तसाच उपचार होतो, म्हणून त्या उगाच काढू नयेत.

खाच लहान असताना एका भेटीत सिमेंट भरून काम होतं. तीच खाच नसेपर्यंत पोहोचली की तीन-चार भेटी, पैसे आणि रात्रभर रडणारं मूल. वर्गात एखादं मूल गालाला हात लावून बसलेलं दिसलं, एकाच बाजूने चावताना दिसलं, तर डबा खाताना जरा लक्ष ठेवा आणि घरी निरोप पाठवा. जवळच्या सरकारी रुग्णालयातही दातांचा विभाग आहे का याची चौकशी करायला सांगा.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. मिलर यांनी लाळ तापवून पुन्हा प्रयोग का केला असेल?
2. दात आणि मांस एकत्र ठेवल्यावर दात का विरघळला नाही?
3. दुखणं थांबलं तरी दात बरा झाला असं का म्हणता येत नाही?
4. तुमच्या घरात दाताच्या किडीबद्दल काय सांगतात? आजी-आजोबांना विचारून लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जरूर वाचा. त्यातून मुलांच्या घरी काय समजुती आहेत ते कळतं आणि पालक सभेत नेमकं काय बोलायचं तेही सुचतं. लेख उपयोगी वाटला तर पालकांच्या ग्रुपवर पाठवा.